कला, आभास आणि फसवणूक : दादासाहेब फाळके यांच्या 'चित्रपट कसे तयार करतात' या माहितीपटाची आस्वादक समीक्षा

प्रस्तावना :
स्थिर चित्रांच्या मालिकेतून गतीचा आभास निर्माण करणारा चित्रपट ही मुळातच दृष्टिभ्रमाची कला होय. मग कलेतील आभास आणि व्यवहारातील फसवणूक यांत भेद कोणता? दादासाहेब फाळके (१८७०-१९४४) यांच्या 'चित्रपट कसे तयार करतात' (१९१७) या लघु माहितीपटाच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

जादूगार आणि चित्रपटकार :
फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी जादू शिकले होते. आपलेच नाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते प्रयोग करीत. १९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली. अनेक दिवसांची वाढ क्षणांत दाखविणारे हे दृश्य कालाचा आभास होता. परंतु त्यातून निसर्गाचे सत्यच प्रकटले. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मधील तारामती अण्णा साळुंके या पुरुष नटाने साकारली. सत्यवचनी राजाची कथाही अशा आभासावाचून पडद्यावर येऊ शकली नाही.

माहितीपटाचे वेगळेपण :
या माहितीपटाचा काही अंशच आज उपलब्ध आहे. त्यात फाळके दिग्दर्शन, फितीवरील प्रक्रिया आणि संकलन करताना दिसतात. पडद्यावरील राम-कृष्णाला प्रेक्षक हात जोडत, अशा आठवणी नोंदविल्या गेल्या आहेत. अशा काळात देवांच्या चित्रांमागील कारखाना उघड करणे हे धाडसच होते. मात्र एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. येथे फाळके स्वतः कॅमेऱ्यासमोर आहेत. म्हणजे दिग्दर्शक फाळके हे 'दिग्दर्शक फाळके' यांची भूमिकाच वठवीत आहेत. वास्तवाचे हे दर्शनही रचलेलेच आहे.

तुलनात्मक विचार :
ऑर्सन वेल्स यांचा 'एफ फॉर फेक' (१९७३) याच वाटेवरचा आहे. तोतया चित्रे काढणारा एल्मिर द होरी आणि हॉवर्ड ह्यूजचे बनावट आत्मचरित्र लिहिणारा क्लिफर्ड आयर्विंग यांची हकिकत सांगताना वेल्स प्रथम जादूगार म्हणून समोर येतात. तासभर केवळ सत्य सांगण्याचे वचन देतात आणि तो तास उलटून गेल्यावर पिकासोविषयीची एक कल्पित कथा खरी म्हणून ऐकवतात. वेल्स आधी चकवतात व नंतर कबुली देतात. फाळके मात्र केवळ कृती उलगडून दाखवतात. एकाचा हेतू संशय जागविण्याचा, तर दुसऱ्याचा विद्या देण्याचा आहे.

निष्कर्ष :
युक्ती उघड झाल्याने रसभंग होतो, हा समज फाळक्यांनीच खोटा ठरविला. 'कालिया मर्दन' (१९१९) च्या आरंभी कन्या मंदाकिनी हिचे मुद्राभिनय दाखवून मगच त्यांनी तिला कृष्णरूपात आणले. प्रेक्षकाच्या संमतीने घडतो तो आभास. त्याच्या अज्ञानावर पोसली जाते ती फसवणूक. संगणकाद्वारे हुबेहूब खोटी चलचित्रे तयार होत असताना, पुलगावसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयीन वर्गातही हा लघुपट दाखवून त्यावर चर्चा घडविणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.