फोटोत पक्षी आहे, पाणथळ कुठंय?

आज पक्षी आणि कीटकांच्या छायाचित्रांवर बोलायचंय. कॅमेरा कुठला घ्यावा यावर नाही, तर फोटो वाचावा कसा यावर. नाशिककरांना उदाहरणासाठी लांब जायला नको. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. तिथं गाळ साचला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. १९८६ साली अभयारण्य झालं. जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. म्हणजे ज्याला आपण निसर्ग म्हणतो, त्याच्या मुळाशी इथं माणसानं घातलेला बांध आहे.

आता इथले फोटो आठवा. जांभळी पाणकोंबडी, चित्रबलाक, शेकाट्या. पीस न् पीस मोजून घ्यावं, मागे हिरवट धूसर पडदा. कारागिरीला दाद द्यायलाच हवी. पण त्या पडद्यामागे काय गेलं? पाणकणीस गेलं, गाळ गेला, काठावरचं शेत गेलं. हाच पक्षी भरतपूरला टिपला असता तरी असाच दिसला असता. तेव्हा आम्ही म्हणतो, हे पक्ष्याचं चित्र आहे, अधिवासाचं नाही.

कुणी म्हणेल, लांब लेन्स वापरली म्हणून तर पक्ष्याला त्रास झाला नाही. अगदी बरोबर. पल्ला जितका लांब, तितका पक्षी निवांत. आमचा आक्षेप लेन्सवर नाही, एकाच चौकटीवर समाधान मानण्यावर आहे. जवळच्या फोटोशेजारी एक दूरचा ठेवायला काय हरकत आहे? कढीपत्त्यावरच्या अळीचा फोटो घ्या. तिच्यासोबत कुरतडलेलं पान दिसलं, तर ती काय खाते हे न सांगता कळतं.

दुसरा मुद्दा, फोटो मिळवला कसा? घरटं नीट दिसावं म्हणून फांद्या छाटल्या, तर पिलांची सावली जाते आणि कावळ्यांना वाट मोकळी होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या वाचा. वन्य पक्ष्यांच्या घरट्यांना, अंड्यांना बाधा आणणं हीसुद्धा शिकारच. फुलपाखरू फ्रीजमध्ये गारठवून फुलावर ठेवलं, तर फोटो सुंदर येईल. पण तो फुलपाखराच्या जगण्याचा नसेल.

२०१७ साली ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत गौरवलेला मुंगीखाऊचा फोटो पुढच्या वर्षी बाद झाला. त्यातला प्राणी पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. चित्राचा एक ठिपकाही बदलला नव्हता, तरी त्याची किंमत गेली. म्हणजे या कलाप्रकारात खरेपणा हा कलेबाहेरचा नियम नाही, तो कलेचाच भाग आहे.

म्हणून परीक्षकांनी स्पष्टतेला गुण देण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: हा जीव कुठं राहतो ते कळतं का? आणि फोटो काढून झाल्यावर तो तिथंच राहिला का?