शिकारीचे आकर्षण आणि छावणीचा खर्च : एका निवेदनप्रकाराची चिकित्सा

कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात शिकारीविषयीचे दोन परस्परविरोधी अभिप्राय पाठोपाठ येतात. विदूषक शिकारीला विटलेला आहे. भर उन्हात विरळ सावलीच्या रानातून वणवण, पाने पडून कडवट झालेले डोंगरी ओढ्यांचे पाणी, अवेळी पोटात जाणारे भाजके मांस, खिळखिळे झालेले सांधे आणि पहाटेच रान वेढायला निघालेल्यांच्या गलक्याने मोडणारी झोप, अशी त्याची तक्रार आहे. सेनापती मात्र मृगयेचे गुण गातो. तिच्यामुळे मेद झडून शरीर हलके होते, भयाने आणि क्रोधाने प्राण्यांच्या चित्तात घडणारे पालट उमगतात, हलत्या लक्ष्यावर बाण अचूक बसण्यात धनुर्धराचे कौशल्य सिद्ध होते. म्हणून मृगयेला व्यसन म्हणणे खोटे, असे तो सांगतो. ‘मनुस्मृती’ने मृगयेची गणना कामज व्यसनांत केली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या युक्तिवादाचा रोख स्पष्ट होतो. परंतु ही स्तुती सुरू करण्यापूर्वी सेनापती विदूषकाला हळूच सांगतो की त्याने आपला हट्ट सोडू नये. आपण स्वतः धन्याच्या मनाप्रमाणे बोलणार आहोत. म्हणजे शिकारीचे आकर्षण येथे धन्यासाठी उच्चारले जाते आणि शिकारीची किंमत विदूषकाच्या तोंडी दिली जाते. पहाटे रान वेढायला निघालेले लोक तर या संवादात केवळ गोंगाट म्हणूनच उपस्थित आहेत.

आवाजांची ही विभागणी एका नाटकापुरती मर्यादित नाही. शिकारीचे निवेदन हा एक स्वतंत्र निवेदनप्रकार मानला, तर स्तुती मध्यभागी, तक्रार कडेला आणि श्रम मौनात, ही त्याची मूलभूत संरचना असल्याचे दिसते. या प्रकाराची समीक्षा बहुधा दोन कसोट्यांवर होते. एक, निसर्गवर्णनाची प्रत्ययकारिता. दुसरी, मारण्याच्या कृतीची नैतिकता. या दोहोंच्या मध्ये छावणी निसटते. वस्तुतः शिकार काही क्षणांची असते आणि छावणी कित्येक आठवड्यांची. पैसा, अन्न, ओझी, आजार, नोकरचाकर हे सारे छावणीत असते. छावणीच्या या खर्चाचे लेखक काय करतो, यावरच त्या लेखनाचे रूप ठरते.

शिकारीच्या आकर्षणाची सर्वांत गंभीर तात्त्विक मांडणी ओर्तेगा इ गासेत या स्पॅनिश विचारवंताने १९४२ मध्ये, काउंट येबेस यांच्या शिकारविषयक ग्रंथाला लिहिलेल्या दीर्घ प्रस्तावनेत केली. त्याच्या मते शिकारीत माणूस आपल्या ऐतिहासिक, नागर अस्तित्वातून रजा घेतो आणि प्राण्याशी असलेल्या आदिम नात्यात पुन्हा प्रवेश करतो. प्राण्याचा मृत्यू हे या खटाटोपाचे साध्य नसते. शिकार खरोखर घडली याची ती खूण असते. ही मांडणी प्रभावी आहे, पण तिच्यात एक गृहीत दडलेले आहे. रजा घेणारा एकटाच रानात जातो, असे ते गृहीत आहे. प्रत्यक्षात त्याच्याबरोबर त्याचा समाजही चालतो, आणि तो डोक्यावर ओझे घेऊन चालतो. देवघेवीच्या जगातून बाहेर पडल्याची प्रतीती शिकाऱ्याला येते ती ती देवघेव दुसऱ्या कोणी तरी सांभाळल्यामुळे.

थिओडोर रूझवेल्ट यांचे ‘आफ्रिकन गेम ट्रेल्स’ (१९१०) या दृष्टीने बोधप्रद आहे. राष्ट्राध्यक्षपदावरून निवृत्त होताच १९०९ मध्ये ते स्मिथसोनियन संस्थेच्या मोहिमेवर पूर्व आफ्रिकेत गेले. लेखनासाठी स्क्रिब्नर या प्रकाशनसंस्थेने त्यांना पन्नास हजार डॉलर देऊ केले होते. ग्रंथात खर्चाच्या बाबी लपवलेल्या नाहीत. सुमारे दोनशे हमाल, कातडी टिकवण्यासाठी चार टन मीठ, पितापुत्रांनी मारलेल्या ५१२ प्राण्यांची जातवार यादी, हे सारे तेथे आहे. डुकराच्या कातड्याची बांधणी केलेले एक फिरते ग्रंथालयही बरोबर होते. पेटीसह त्याचे वजन साठ पौंडांच्या आत, म्हणजे एका हमालाच्या ओझ्याइतके, असल्याचे रूझवेल्ट नमूद करतात. साहित्याच्या अभ्यासकाला हा तपशील अस्वस्थ करणारा वाटावा. रानात झाडाखाली बसून अभिजात ग्रंथ वाचण्याचा आनंद आणि तो ग्रंथसंग्रह वाहणारा माणूस, दोघेही एकाच संहितेत आहेत; परंतु एकाला अनुभव आहे आणि दुसऱ्याला केवळ वजन आहे. नोंद आणि भान यांतील अंतर येथे कळते. सर्व काही मोजले म्हणजे हिशेब दिला असे होत नाही. उलट मोजण्यातील प्रामाणिकपणामुळेच हिशेबाचा प्रश्न मिटल्यासारखा भासतो.

जे. एच. पॅटरसन यांच्या ‘द मॅन-ईटर्स ऑफ त्सावो’ (१९०७) या ग्रंथात छावणी पार्श्वभूमीवर राहूच शकत नाही, कारण सिंहांचे भक्ष्यच तेथे राहते. १८९८ मध्ये युगांडा रेल्वेच्या पुलाचे काम चालू असताना दोन नरभक्षक सिंहांनी कामगारांच्या तंबूंवर सुमारे नऊ महिने हल्ले केले. कामगार बहुतांशी हिंदुस्थानातून करारावर नेलेले होते. बळींची संख्या देताना पॅटरसन अठ्ठावीस हिंदी मजुरांचा आकडा सांगतात आणि आफ्रिकी बळींची अधिकृत नोंदच ठेवली गेली नसल्याचे पुढे जोडतात. किंमत कोणाची मोजायची, हे रेल्वेच्या दप्तराने आधीच ठरवले होते. निवेदन ते दप्तर पुढे चालवते.

याच ग्रंथात दुसरा एक संघर्ष आहे. गवंड्याला दरमहा पंचेचाळीस रुपये आणि साध्या मजुराला बारा, अशी वेतनातील तफावत होती. गवंडी म्हणून आलेल्यांपैकी अनेकांना ते काम येत नाही, असे ठरवून पॅटरसन यांनी कामानुसार मोबदल्याची पद्धत आणली. त्यातून त्यांच्या जिवावर उठण्याचा कट शिजला. पुढे, डिसेंबरच्या आरंभी, आपण सरकारचे काम करायला आलो आहोत, सिंहांचे अन्न व्हायला नव्हे, अशा आशयाचे गाऱ्हाणे मांडून शेकडो कामगारांनी रुळांवर आडवे पडत गाडी थांबवली आणि तीत बसून त्सावो सोडले. मागे राहिलेल्यांनी झाडांवर खाटा टांगल्या, पाण्याच्या टाक्यांवर मुक्काम केला, तंबूत खड्डे खणून वर ओंडके रचले. आधुनिक वाचकाला हा संप वाटेल. ग्रंथाच्या रचनेत मात्र तो भयकथेतील एक टप्पा ठरतो. त्याचा उपयोग नायकाचे एकाकीपण गडद करण्यासाठी होतो. मजुरीचे भांडण एका प्रकरणात, सिंह दुसऱ्या प्रकरणांत, अशी मांडणी असल्यामुळे दोन्ही प्रश्न एकाच छावणीचे आहेत, हे वाचकाला स्वतः जोडून घ्यावे लागते.

दोन्ही सिंह मारले गेल्यावर कामगारांनी पॅटरसन यांना चांदीचे पात्र भेट दिले. रोशन नावाच्या मिस्त्रीने रचलेले एक हिंदुस्थानी काव्यही ग्रंथात आहे, पण ते परिशिष्टात आणि इंग्रजी भाषांतरात. छावणीने स्वतःविषयी उच्चारलेला हा शब्द मुख्य निवेदनाच्या बाहेर ठेवला गेला आहे. चांदीच्या पात्राला तर पॅटरसन आपले सर्वांत मोलाचे स्मृतिचिन्ह मानतात आणि त्यासाठी शिकाऱ्याच्या विजयचिन्हाचाच शब्द वापरतात. कृतज्ञताही येथे शिंगांच्या आणि कातड्यांच्या रांगेत जाऊन बसते. सिंहांची कातडी कित्येक वर्षे पॅटरसन यांच्या घरी जमिनीवर अंथरलेली होती. १९२४ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमने ती पाच हजार डॉलरना विकत घेतली. त्सावोतील एका गोष्टीची बाजारातील किंमत अखेर निश्चित झाली; जी किंमत दप्तरात नोंदलीच गेली नाही, ती तशीच राहिली.

अर्नेस्ट हेमिंग्वेच्या बाबतीत हा प्रश्न साहित्यप्रकाराशी जोडला जातो. १९३३-३४ च्या त्याच्या आफ्रिकेतील शिकारमोहिमेसाठी पत्नी पॉलिन हिच्या श्रीमंत काकांनी पंचवीस हजार डॉलर दिले होते. या मोहिमेतून दोन कृती निघाल्या. ‘ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका’ (१९३५) पूर्ण सत्य सांगण्याची प्रतिज्ञा करते. एखाद्या प्रदेशाचे आणि महिनाभराच्या कृतीचे खरे चित्र कल्पित साहित्याशी स्पर्धा करू शकेल काय, हे तिला तपासायचे आहे. कुडूचा पाठलाग, प्रतिस्पर्ध्याला मिळालेली अधिक मोठी शिंगे, साहित्यावरील चर्चा, यांतून शिकारीचे आकर्षण तिच्यात उत्कटतेने उभे राहते. तथापि ही मोहीम ज्या पैशावर उभी होती, तो पैसा या सत्यकथनाच्या केंद्रात येत नाही. ‘द स्नोज ऑफ किलिमांजारो’ (१९३६) या कल्पित कथेत मात्र सारे काही छावणीतच घडते. शिकार जवळपास संपलेली आहे. काट्याच्या ओरखड्यातून पाय सडत चाललेला लेखक खाटेवर पडून आहे, गाडी बिघडली आहे, गिधाडे उतरत आहेत, आणि बायकोच्या पैशापायी आपली प्रतिभा गमावल्याचा आरोप तो तिच्यावर आणि स्वतःवर करीत आहे. सुखासीनतेने आलेली सुस्ती झटकण्यासाठीच ही मोहीम कमीत कमी सोयींनी काढलेली होती.

सत्यकथनाने जे कडेला ठेवले ते कल्पिताने केंद्रस्थानी आणले, ही या दोन कृतींतील खरी तफावत होय. परंतु येथेही हिशेब पुरा होत नाही. कथेत मोजली जाते ती लेखकाच्या आत्म्याची किंमत. मद्य घेऊन येणारा मोलो हा नोकर हुकूम ऐकण्यापुरता आहे. विदूषकाने जशी आपल्याच सांध्यांची तक्रार केली, तशीच येथे नायक आपल्याच सडत्या पायाची करतो. तक्रार कडेवरून मध्यभागी आली आणि शोकात्म झाली. मौन मात्र होते तेथेच राहिले.

या संरचनेला छेद देणारी कृती या सर्वांच्या आधीची आहे. तुर्गेनेव्हच्या ‘शिकाऱ्याच्या नोंदी’ १८४७ पासून नियतकालिकात येऊ लागल्या आणि १८५२ मध्ये ग्रंथरूप झाल्या; रशियातील भूदासप्रथा १८६१ मध्ये रद्द झाली. येथील निवेदक जमीनदार आहे, त्याची फुरसत भूदासांच्या श्रमांवर उभी आहे, आणि कृती हे झाकत नाही. त्याचा सोबती येर्मोलाय हा शेजारच्या जमीनदाराचा भूदास. महिन्याकाठी ठराविक पक्षी मालकाच्या मुदपाकखान्यात पोचवणे त्याच्यावर बंधनकारक आहे, पण दारू आणि छर्रे त्याला मिळत नाहीत. तोही आपल्या कुत्र्याला खायला घालत नाही, आणि निवेदक ही दोन्ही वर्तने एकाच नियमाची म्हणून शेजारी शेजारी ठेवतो. रूझवेल्ट यांच्या यादीपेक्षा हे वेगळे आहे. येथे खर्चाचा तपशीलच नात्याचे स्वरूप उघड करतो, आणि तोही कोणत्याही भाष्याविना.

‘बेझिन कुरण’ या कथेत तर छावणीच शिकाऱ्याची नाही. तूला प्रांतात दिवसभर पक्ष्यांमागे हिंडून वाट चुकलेला निवेदक रात्री एका शेकोटीपाशी पोचतो. पाच शेतकरी मुले तेथे घोडे राखीत आहेत. शेकोटीवर बटाटे शिजत आहेत. ती त्यांच्या कामाची जागा आहे आणि शिकारी तेथे पाहुणा आहे. तो झोपेचे सोंग घेतो आणि मुलांच्या भुताखेतांच्या गोष्टी ऐकत राहतो. त्या दिवशी मारलेले पक्षी निवेदनातून केव्हाच बाजूला पडतात. शेवटी, मुलांपैकी पावेल त्याच वर्षी घोड्यावरून पडून मेला, एवढेच सांगितले जाते. शिकारीत अपेक्षित असलेला मृत्यू प्राण्याऐवजी छावणीतल्या मुलाच्या वाट्याला आला आहे, आणि त्याचे स्मृतिचिन्ह करता येत नाही. ऐकण्याच्या या कृतीमुळे शिकारीचे निवेदन आतून बदलते. अर्थात मुले बोलतात ती एक धनी ऐकत आहे याची जाणीव नसताना. हे नाते समान झालेले नाही, हेही कथा विसरू देत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकारीची वाट बंद होत गेली. शिकार आता बहुतेक वाचकांना पुस्तकातूनच भेटते, आणि पुस्तकातील शिकार वाचताना छावणीचा विसर पडणे अधिक सोपे होते. उरते ते रान, धुके आणि थरार. मराठीतील ‘सफर’ आणि पूर्व आफ्रिकेतील ‘सफारी’ हे दोन्ही शब्द एकाच अरबी मुळातून आलेले आहेत. आज त्या शब्दाने कॅमेरा घेऊन निघालेली पर्यटकांची गाडी सुचते. बंदूक गेली तरी आकर्षण आणि त्याची किंमत यांच्या वाटणीचा प्रश्न संपलेला नाही, कारण तो प्रश्न मुळात बंदुकीचा नव्हता. अरण्यविषयक लेखनाची समीक्षा निसर्गाशी एकरूपता, निरीक्षणाची सूक्ष्मता, भाषेचा चित्रमयपणा अशा गुणांची नोंद घेऊन थांबते, तेव्हा ती सेनापतीचीच भूमिका बजावते. तंबू कोणी ठोकला, पाणी कोणी आणले आणि त्यांचे बोलणे संहितेत कोठे आहे, मध्यभागी, परिशिष्टात की कोठेच नाही, हे तपासल्याखेरीज या लेखनाचे वाङ्मयीन मूल्यमापन पुरे होऊ शकत नाही.