हाँगकाँग करार वाचताना: व्याख्या कुठे संपते ते बघा

जहाजतोडणीवर संशोधन करायचं म्हटलं की आपण लगेच अलंगचे फोटो आणि आकडे जमवायला लागतो. माझं म्हणणं, त्याआधी एक मजकूर शांतपणे वाचा: जहाजांच्या सुरक्षित पुनर्चक्रणाचा हाँगकाँग आंतरराष्ट्रीय करार. तो 2009 च्या मे महिन्यात स्वीकारला गेला, पण अंमलात यायला 26 जून 2025 उजाडलं. भारत 2019 मध्ये त्यात सामील झाला. यापुढे या विषयातली बरीचशी अधिकृत माहिती याच कराराच्या साच्यातून येणार, म्हणून साचाच तपासायला हवा.

आधी त्यातलं चांगलं. 500 टनेज आणि त्यावरच्या जहाजांना घातक पदार्थांची यादी ठेवावी लागते: ॲस्बेस्टॉस, पीसीबी वगैरे काय आहे, कुठे आहे, अंदाजे किती आहे. जहाज तोडायला जाईपर्यंत ही यादी अद्ययावत ठेवायची असते. कापणाऱ्याला गॅसकटर लावण्याआधी आत काय आहे हे कळणं ही मोठीच गोष्ट आहे.

आता कलम 2 मधली 'पुनर्चक्रण' या शब्दाची व्याख्या बघा. यार्डात जहाज सुटं करणं आणि तिथेच सामानाची साठवण, प्रक्रिया करणं एवढं तिच्यात येतं. त्याच सामानावर दुसऱ्या ठिकाणी होणारी पुढची प्रक्रिया किंवा विल्हेवाट तिच्यातून स्पष्टपणे वगळली आहे. थोडक्यात, व्याख्या यार्डाच्या फाटकापाशी थांबते.

कचरा अधिकृत ठिकाणीच पाठवा, असा नियम करारात आहे, हे मान्य. पण जहाजातून निघालेलं सगळंच काही 'कचरा' म्हणून बाहेर पडत नाही. अलंगच्या रस्त्यालगत जहाजांतलं फर्निचर, केबल, भांडी, यंत्रं विकणारी दुकानं ओळीने आहेत आणि पत्रे री-रोलिंग मिलमध्ये जातात. तिथे धूळ कोणाच्या छातीत जाते, हा प्रश्न 'जहाज पुनर्चक्रणा'च्या नोंदीत येतच नाही.

दुसरी अडचण काळाची आहे. अपघातांबरोबर व्यवसायजन्य आजारांची माहितीही यार्डाने कळवावी, असं करार सांगतो. वाचायला छान वाटतं. पण ॲस्बेस्टॉसमुळे होणारा कॅन्सर दिसायला साधारण 20 ते 40 वर्षं लागतात. अलंगचे कामगार मुख्यतः ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडमधून आलेले. आजार दिसेल तेव्हा माणूस गावी असेल आणि यार्डाचा मालकही कदाचित बदललेला असेल. ज्याला सगळ्यात शेवटी कळणार, त्याच्यावरच कळवायची जबाबदारी! त्यामुळे पुढे कुठल्या तक्त्यात 'व्यवसायजन्य आजार: शून्य' दिसलं, तर त्याचा अर्थ 'आजार नाहीत' असा घेऊ नका.

तिसरी गोष्ट आपल्या मुंबईची. 'विक्रांत' ही विमानवाहू नौका 2014 मध्ये दारूखान्यात तोडायला घेतली. तिचं पोलाद पुढे मोटारसायकलीत वापरलं गेलं, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. पण युद्धनौका कराराच्या कक्षेबाहेर आहेत. कराराशी शक्य तितकं सुसंगत वागा, एवढीच अपेक्षा सरकारांकडून आहे. म्हणजे अशी नौका आज तोडली, तरी तिच्यावर काम करणाऱ्यांना या कराराचं थेट संरक्षण नाही.

मग अभ्यास कसा करायचा? तैवानचं उदाहरण बघा. एके काळी जहाजतोडणीत तो देश जगात सगळ्यात पुढे होता. तिथल्या संशोधकांनी काऊश्युंगच्या जहाजतोडणी कामगार संघटनेच्या सदस्यांची नोंद राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीशी जोडली. त्यांनी यार्डाला काही विचारलंच नाही. माणसाचा माग काढला आणि काम सुटल्यानंतरचे आजारही सापडले. आपल्याकडे अशी जोडणी अवघड आहे, कारण बरेचसे कामगार ठेकेदारामार्फत येतात आणि त्यांची सलग नोंद राहत नाही. पण अवघड आहे म्हणूनच ते संशोधनाचं काम आहे ना!

हा करार टाकाऊ आहे, असं मी अजिबात म्हणत नाही. तो नसता तर यादीसुद्धा नसती. फक्त त्याची व्याख्या जशीच्या तशी उचलून तुमच्या प्रबंधाची व्याप्ती म्हणून लिहू नका. सिनॉप्सिस लिहिताना एका परिच्छेदात स्पष्ट करा: माझ्या अभ्यासात जहाज कुठे संपतं आणि कामगार कुठपर्यंत मोजला जातो? गाईड हा प्रश्न विचारतीलच. त्याआधी तुम्ही स्वतःला विचारलेला बरा.