योआखिम : शिष्याची बखर आणि अस्सल कागद

बखर कोणती व अस्सल कागद कोणता हें आधीं ठरवावें लागतें, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको. पाश्चात्य वादकांच्या चरित्रांस मात्र ही कसोटी क्वचितच लावली जाते. व्हायोलिनवादक योझेफ योआखिम याचें उदाहरण या दृष्टीनें तपासण्याजोगें वाटल्यावरून हें टिपण लिहीत आहों.

योआखिम १८३१ सालीं प्रेसबर्गजवळील कित्से गांवीं जन्मला. १८४४ च्या मे महिन्यांत, वयाचीं तेरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, लंडन येथें मेंडेल्सोनच्या नेतृत्वाखालीं बेथोवेनचा व्हायोलिन कन्चेर्टो वाजवून तो नांवारूपास आला. वायमार व हानोव्हर येथील नोकऱ्यांनंतर १८६९ सालीं बर्लिनच्या राजकीय संगीतविद्यालयाचा तो पहिला संचालक झाला. त्याच वर्षीं त्यानें आपलें चतुष्क उभें केलें. दोन व्हायोलिनें, एक व्हिओला व एक चेलो अशा मेळास आम्ही येथें चतुष्क म्हणतों. तें त्यानें १९०७ सालीं मरण येईपर्यंत चालविलें. या वादनामागें परंपराही भक्कम होती. त्याचा व्हिएन्ना येथील गुरु ब्योम यानें १८२५ सालीं बेथोवेनच्या १२७ व्या कृतीची तालीम प्रत्यक्ष बेथोवेनच्या नजरेखालीं केली होती.

येथवर वाद नाहीं. वाद पुढें आहे. योआखिमचें चरित्र प्रथम १८९८ सालीं, म्हणजे नायक हयात असतांना, त्याचा शिष्य आन्द्रेआस मोझर यानें लिहिलें. १९०२ ते १९०५ या काळांत निघालेली तीन भागांची व्हायोलिन-शिक्षणमाला दोघांच्या नांवें असली तरी तिचें लेखन बव्हंशीं मोझरचें. गुरूच्या पश्चात् छापलेल्या पत्रव्यवहाराच्या संपादनांतही मोझर आहेच. एकाच निष्ठावंत लेखणींतून इतकें साहित्य आलें म्हणजे संशोधकानें सावध व्हावें. मोझर खोटें लिहितो असें आम्ही म्हणत नाहीं. पण बखरकारही पुष्कळदां खोटें लिहीत नसतो, तो फक्त धन्याच्या अंगणांत उभा राहून लिहितो.

या लेखणीबाहेरचे साक्षी दोन आहेत. पहिला लिओपोल्ड आउअर. हा हानोव्हर येथें योआखिमजवळ शिकला व पुढें स्वतः मोठा शिक्षक झाला. १९२१ सालच्या आपल्या पुस्तकांत तो सांगतो कीं, गुरु तंत्राचा तपशील क्वचितच उलगडून सांगे. व्हायोलिन उचलून स्वतः वाजवून दाखवी, आणि शिष्यानें त्यांतून काय तें उचलावें. ही आपल्याकडील तालमीच्या रीतीच्या जवळची गोष्ट झाली. शिक्षणमालेंतील पायरीपायरीचा क्रम या चित्राशीं जुळत नाहीं. म्हणून त्या क्रमांत शिष्याचा हात अधिक मानावा, असें आमचें मत आहे.

दुसरा साक्षी १९०३ सालच्या पांच ध्वनिमुद्रिका. बाखच्या दोन रचना, ब्राम्सचीं दोन हंगेरियन नृत्यें व योआखिमची स्वतःची एक रोमान्स एवढाच हा ठेवा. ध्वनि क्षीण व खरखरीत असून वादक सत्तरी ओलांडलेला. तरीही स्वरास कंप अगदीं थोडा, हें शिक्षणमालेंतील उपदेशाशीं जुळतें. लय मात्र केवळ पुस्तकावरून कल्पावी त्यापेक्षां मोकळी आहे, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणें स्पष्ट ऐकूं येतें.

आतां बाखच्या एकल व्हायोलिनसाठीं रचलेल्या सहा कृतींकडे वळूं. त्यांचें स्वहस्तलिखित १७२० सालचें आहे. त्यांची एक जुनी नक्कल सेंट पीटर्सबर्ग येथें लोण्याच्या दुकानीं रद्दीत जाणार होती, ती १८१४ सालीं वांचली. दप्तरें वाण्याकडे गेल्याच्या कथा ज्यांनीं ऐकल्या आहेत त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. मूळ पाठ व वादनाचा पाठ वेगवेगळ्या ओळींत छापण्याची रीत डाव्हिड यानें १८४३ सालींच घातली होती. पण १९०८ सालच्या योआखिम-मोझर आवृत्तींत खालच्या ओळीस स्वहस्तलिखिताचा आधार मिळाला, आणि वरच्या ओळींत योआखिमचीं बोटें व गजाच्या खुणा आल्या. दोन्ही समोरासमोर असल्यामुळें बाख कोठें संपतो व योआखिम कोठें सुरू होतो हें वाचकास दिसतें. त्याच्या साऱ्या कारकीर्दींतील ही गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते.

मग शूमानच्या व्हायोलिन कन्चेर्टोविषयीं त्यानें उलटें कां करावें? १८५३ सालीं योआखिमसाठीं रचलेलें हें काम त्यानें हानोव्हर येथें वाजवून पाहिलें, पण लोकांसमोर कधीं आणलें नाहीं. छापूंही दिलें नाहीं. १८९८ सालीं मोझरला लिहिलेल्या पत्रांत त्यानें त्यांतील थकव्याचा उल्लेख केला आहे. म्हणजे कारणही आपणांस त्याच शिष्यामार्फत कळतें. क्लारा शूमान व ब्राम्स यांचेंही मत अनुकूल नव्हतें, आणि रुग्ण मित्राच्या कीर्तीची काळजी समजण्यासारखी आहे. परंतु न वाजविणें निराळें आणि इतरांनीं न वाचणें निराळें. पहिला वादकाचा अधिकार. दुसरा आम्ही कोणाही संग्राहकास देत नाहीं. पुढें हें हस्तलिखित बर्लिनच्या प्रशियन राज्यग्रंथालयांत गेलें तें १९५६ पर्यंत प्रकट न करण्याच्या अटीवर.

अट पाळली गेली नाहीं. १९३७ च्या नोव्हेंबरांत नाझी राजवटीच्या समारंभांत कूलेनकाम्प्फ यानें तें वाजविलें, तेंही एकल भागांत पुष्कळ फेरफार करून. ज्यू म्हणून मेंडेल्सोनचें संगीत तेव्हां तेथें वर्ज्य ठरलें होतें; ज्यू कुळांत जन्मलेल्या योआखिमनें जपून ठेवलेला कागद मात्र त्या समारंभास चालला. त्याच वर्षीं ही रचना छापली गेली, आणि डिसेंबरांत अमेरिकेंत मेनुहिन यानें ती शूमाननें लिहिल्याप्रमाणें वाजवून दाखविली.