दोन हरिश्चंद्र

मूकपट म्हणजे अपुरा राहिलेला बोलपट, असा समज सुशिक्षित घरांतही रूढ झालेला दिसतो. मूल आधी मुके असते व पुढे बोलू लागते, तद्वतच चित्रपट १९३१ साली ‘आलम आरा’पासून आपल्याकडे बोलू लागला, एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते. आम्हांस हा समज मान्य नाही. आणि तो पारखून पाहण्यास मराठी रसिकांपाशी एक नामी साधन आहे. हरिश्चंद्राची एकच कथा महाराष्ट्रातील कलावंतांनी एकोणीस वर्षांच्या अंतराने दोनदा पडद्यावर आणली. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालचा व मूक. प्रभात कंपनीचा, शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला ‘अयोध्येचा राजा’ १९३२ सालचा व बोलका.

फाळके यांच्या हाती केवळ दृश्य होते. म्हणूनच त्यांनी आबालवृद्धांस पाठ असलेली कथा निवडली. प्रेक्षकास काय घडणार हे ठाऊक असल्यामुळे ते कसे दिसते याकडेच त्याचे सारे लक्ष लागे. विश्वामित्राच्या यज्ञातील ज्वाळांत आकृती प्रकटतात, तेथे शब्दांवाचून काही अडत नाही. शिवाय मूकपटास कोणतीही एक भाषा नव्हती. पाट्या बदलल्या की तो कोणत्याही प्रांती चाले, आणि पडद्यापुढे बसलेले वादक त्याला त्या त्या गावचा सूर देत. मुका होता तो पट. नाट्यगृह मुके नव्हते.

‘अयोध्येचा राजा’ने काय मिळवले, हेही निःपक्षपातीपणे सांगितले पाहिजे. फाळके यांना स्त्रिया मिळेनात, म्हणून त्यांची तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती. १९३२ साली ती भूमिका दुर्गा खोटे यांनी केली आणि तारामतीस स्त्रीचे रूप व स्त्रीचा स्वर दोन्ही लाभले. गोविंदराव टेंबे यांच्या रूपाने हरिश्चंद्र गाऊ लागला. मराठी भाषा पडद्यावरून प्रथमच ऐकू आली, हा लाभ लहान नव्हे.

परंतु त्याचे मोलही द्यावे लागले. जो पट सर्वांचा होता तो आता एका भाषेचा झाला. ‘प्रभात’ला हाच चित्रपट हिंदीत वेगळा काढावा लागला. ध्वनिग्राहकाच्या धाकाने नटांची हालचाल आखडली, आणि जी रंगभूमी मूकपटाने मागे टाकली होती ती पदे व लांब संवाद घेऊन पडद्यावर परतली. १९३२ च्याच हिंदी ‘इंद्रसभे’त सुमारे सत्तर गाणी होती! वाचा आली, पण काही काळ दृष्टी मंदावली, असेच म्हणावे लागते.

ही दृष्टी पुन्हा आणली ती मूकपटाच्या तालमीत तयार झालेल्यांनीच. शांताराम हे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली शिकले होते. त्यांच्या १९३७ सालच्या ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही, प्रसंगात स्वाभाविकपणे येणारे ध्वनी तेवढे आहेत. नको तेथे गप्प राहावयास बोलपट शिकला, तेव्हाच तो प्रौढ झाला. मूकपट हा बोलपटाचे बाल्य नसून त्याचा गुरू होय, असे आम्ही म्हणतो ते याचमुळे.

खेद इतकाच की, या गुरूचे दर्शन आता दुर्मिळ झाले आहे. भारतात निघालेल्या सुमारे १३०० मूकपटांपैकी जेमतेम तीसएक उरले असावेत. ‘राजा हरिश्चंद्रा’ची मोजकीच रिळे शिल्लक आहेत, आणि तीही १९१३ ची की १९१७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. ‘आलम आरा’ तर बोलका असूनही नाहीसा झाला. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. तेव्हा मूकपट अपुरा होता असा निकाल देण्यापूर्वी जे उरले आहे ते तरी रसिकांनी डोळे भरून पाहावे. साक्षीदार हरवल्यावर दिलेल्या निकालास न्याय म्हणत नाहीत.