इकोचा नॉब

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकावर लिहायचं म्हटलं की लेखणी कथानकाकडे, लावणीकडे, रात्रभर न हलणाऱ्या प्रेक्षकाकडे आणि वडशाच्या नाटक कंपन्यांच्या उलाढालीकडे वळते. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा चर्चा अभिनयाची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण धान निघालेल्या बांधीत मंडप पडतो, मंडईच्या जत्रेच्या नाहीतर शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्तानं पंचक्रोशी लोटते, तेव्हा संवाद शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणारा माणूस मंचाच्या बाजूला मिक्सरपाशी बसलेला असतो. त्याच्या हाताखाली एक नॉब असतो. आतून डिले निघो की रिव्हर्ब (घुमारा), सगळे त्याला इकोच म्हणतात.

हा नॉब सध्या गरजेपेक्षा बराच पुढे फिरलेला असतो, अशी माझी तक्रार आहे.

इको लागतो, हे आधी मान्य करू. बांधीला भिंती नसतात आणि मंडपाचं कापड आवाज परत फेकत नाही. हार्वर्डच्या वॉलेस सॅबिननं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका व्याख्यानगृहात गाद्या आत-बाहेर करून दाखवून दिलं की खोलीतला घुमारा तिच्या आकारमानावर आणि आवाज शोषणाऱ्या पृष्ठभागावर ठरतो. उघड्या शेतात हा हिशेब जवळजवळ शून्यावर येतो. तिथे नांदी किंवा विरहगीत कोरडं गायलं तर गायक उघडा पडतो, म्हणून गाण्याला थोडं आभाळ द्यावंच लागतं. संवादाचं मात्र उलट आहे. मंचाजवळचा स्पीकर आणि मागे लावलेला स्पीकर यांत 34 मीटरचं अंतर असलं तरी मागच्या माणसाला तोच शब्द दशांश सेकंदाच्या फरकानं दोनदा ऐकू येतो. शेतानंच इको दिलेला आहे. त्यावर यंत्राचा इको चढवला की आधीच्या शब्दाची शेपटी पुढच्या शब्दाच्या व्यंजनावर पडते. स्वर ऐकू येतात, शब्द हरवतो. वरून लोंबकळणाऱ्या माइकनं प्रॉम्प्टरचा आवाज उचलला, तर तोही घुमत जातो आणि संवाद नटाआधी प्रेक्षकाला कळतो. यावर लोक हसतात, चिडत नाहीत. हा झाडीपट्टीचा मोठेपणा.

मंचावर होतं तेच आता मिक्सिंगच्या खोलीतही होतं. नाटकांची गाणी, गोंडी गीतं, भीमगीतं, यूट्यूबसाठीचे अल्बम चंद्रपूर-गडचिरोलीतल्या छोट्या खोल्यांत संगणकावर तयार होतात. संगणकात शंभर रिव्हर्ब असतात. प्रत्येक ट्रॅकवर वेगळा लावला की गायिका देवळात, ढोलकी विहिरीत आणि कीबोर्ड विमानतळावर, असं गाणं तयार होतं. जुन्या डिजिटल रिव्हर्ब यंत्रांचा विचार मला इथे करावासा वाटतो. हौसेखातर नव्हे. एकच डबा असेल तर सगळ्यांना एकाच खोलीत बसवावं लागतं, आणि कोणाला किती आत पाठवायचं हे फेडरवर ठरवावं लागतं.

या यंत्रांची वंशावळ फार लांब नाही. 1957 च्या ईएमटी 140 मध्ये एक मीटर बाय दोन मीटरचा पोलादी पत्रा टांगलेला असे. बेल लॅब्जमध्ये मॅनफ्रेड श्रोडर यांनी 1960 च्या दशकाच्या आरंभी घुमारा आकड्यांतून कसा उभा करावा याचं गणित मांडलं. बॅरी ब्लेसर यांच्या कामातून 1976 मध्ये ईएमटी 250 आलं. जमिनीवर उभं राहणारं, तरफा ओढून चालवायचं हे पहिलं व्यावसायिक डिजिटल रिव्हर्ब. मागोमाग डेव्हिड ग्रिसिंगर यांचं लेक्सिकॉन 224 आलं, 1986 मध्ये 480एल. मधल्या काळात इंग्लंडचं एएमएस आरएमएक्स16. या घराण्याचा आवाज सुंदर आहे यात वाद नाही. लेक्सिकॉनची शेपटी आतल्या आत किंचित हलत राहते, त्यामुळे तिला पत्र्याचा टणत्कार येत नाही. पण आपल्याकडच्या स्टुडिओनं यांच्या मागे लागू नये. किंमत राहू द्या, यातला एक बोर्ड बसला तर दुरुस्त करणारा नागपुरातही मिळेल याची खात्री नाही.

आपल्या कामाचं यंत्र म्हणजे यामाहाचं एसपीएक्स90. साल 1985, रॅकमधला एक खण, आवाज आत जाताना मोनो, बाहेर येताना स्टिरिओ. सॅम्पलिंग 31.25 किलोहर्ट्झ, म्हणजे 12 किलोहर्ट्झच्या वर त्यातून काही निघतच नाही. कागदावर हा दोष आहे. गाण्यात तोच उपयोगी पडतो. गायिकेच्या ‘स’ आणि ‘श’चा फुत्कार शेपटीत पसरत नाही, घुमारा काळपट राहून आवाजाच्या मागे बसतो. आजचं चकचकीत प्लगइन तोच फुत्कार चांदीच्या वर्खासारखा सगळ्या गाण्यावर पसरवतं. एसपीएक्सच्या इनिशियल डिलेला 30 मिलिसेकंदांच्या आसपास ठेवलं की शब्द आधी पोचतो आणि खोली नंतर. लावणीला एवढी शिस्त पुरेशी आहे.

अलेसिसचं मिडीव्हर्ब 1986 चं. त्याचा पट्टा त्याहूनही अरुंद. 63 प्रोग्रॅम, आणि आत बदलायला काहीच नाही: नंबर निवडा आणि कामाला लागा. ज्यांचा हात नॉबवरून निघत नाही त्यांना मी हेच सुचवीन. शांत आळवणीच्या गाण्याला मात्र त्याची शेपटी खरखरीत लागते. रोलँडचं एसआरव्ही-2000 आणि लेक्सिकॉनचं पीसीएम70 ही दोन्ही 1985 ची. त्यातलं पीसीएम70 वाजवी किमतीत आणि चालू अवस्थेत मिळालं, तर माझी पहिली पसंती त्याला. तसं ते क्वचितच मिळतं.

घेताना दोनच गोष्टी वाजवून पाहाव्यात: ढोलकीची एक सुटी थाप आणि संवादाचं एक वाक्य. थापेमागे शेपटीत एखादा सूर अडकून वाजत राहिला, तर गणित पातळ आहे. वाक्याची व्यंजनं बुडाली, तर दुसरा प्रोग्रॅम लावा.

मग झाकण उघडावं. जपानी मॉडेल 100 व्होल्टचं असतं, अमेरिकी 120 चं. आपल्या 230 च्या सॉकेटमध्ये घातलं की सौदा जागीच संपतो. मिडीव्हर्बला 9 व्होल्टचा एसी अडॅप्टर लागतो. बाजारातले बहुतेक अडॅप्टर डीसी असतात, पिन बसते आणि यंत्र चालत नाही. एसपीएक्समधली लिथियमची बॅटरी बोर्डावर डाग दिलेली असते. ती संपली की आपण साठवलेल्या सेटिंग पुसल्या जातात, कारखान्याच्या राहतात. एवढ्यावरून यंत्र ‘खराब’ म्हणून स्वस्तात मिळत असेल तर बिनधास्त घ्यावं. खरा शत्रू चंद्रपूरचा मे महिना. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर 10 अंश वाढीला साधारण निम्मं होतं, आणि बाहेर 46 अंश असताना बंद रॅकच्या आत काय असेल ते वेगळं सांगायला नको. डब्याच्या वर-खाली एक-एक खण रिकामा सोडावा, आणि कोळशाची धूळ बसणाऱ्या गावात दर उन्हाळ्याआधी जॅक पुसून घ्यावेत.

संगणकावरच राहायचं असेल तर कन्व्होल्यूशनचा मार्ग आहे: खऱ्या जागेत एक आवाज सोडून तिचा घुमारा नोंदवायचा आणि तो गाण्याला लावायचा. भद्रावतीजवळच्या विजासन लेण्यांचे डोंगरात शिरलेले लांब बोळ, नाहीतर वैनगंगेकाठचं मार्कंडा. परवानगी काढून हे कुणीतरी करायला हवं. परदेशी चर्चचा घुमारा दंडारीच्या गाण्याला लावण्यापेक्षा ते बरं. तरी तो त्या जागेचा गोठवलेला फोटोच असतो, लेक्सिकॉनसारखा आतून हलत नाही.

आणि हे जुने डबे बांधीत नेऊ नयेत. जनरेटरचा हेलकावणारा व्होल्टेज, पहाटेचं दव आणि टेम्पोतला प्रवास त्यांना एका हंगामात संपवील. मंचासाठी मिक्सरमधला इको पुरतो. अनेक छोट्या मिक्सरना इफेक्ट बंद-चालू करणाऱ्या फूटस्विचचं भोक मागे असतं आणि ते वर्षानुवर्षं रिकामं राहतं. तिथे एक स्विच जोडावा. माइकवाल्यानं गाणं सुरू होताना तो पायानं दाबावा, गाणं संपून खलनायक बोलायला लागला की पुन्हा दाबावा. नाटकाच्या पुस्तकात गाण्यांच्या जागा आधीच लिहिलेल्या असतात. प्रॉम्प्टरकडून त्याची एक प्रत मागून घेतली की झालं.