अणूची सूर्यमाला : एका उपमेचें परीक्षण

शालेय शास्त्रपुस्तकांची भाषा हा वाङ्मयीन टीकेचा विषय नव्हे, असें आमच्या साहित्यिक मित्रांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. रसायनशास्त्राच्या आरंभींच विद्यार्थ्याची गांठ एका उपमेशीं पडते : अणु हा चिमुकल्या सूर्यमालेसारखा; केंद्रक हा सूर्य व इलेक्ट्रॉन हे ग्रह. ही उपमा कितपत खरी, तें पाहूं.

उपमेस साधर्म्य लागतें, आणि तें येथें निश्चित आहे. १९०९ सालीं गायगर व मार्सडेन यांनीं धातूच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले. बहुतेक पुढें निघून गेले. परंतु सुमारें ८००० कणांत एखादा मागें उसळला. त्यावरून १९११ सालीं रदरफोर्डनें अनुमान केलें कीं, अणूचें बहुतेक सर्व वस्तुमान मध्यवर्ती अत्यल्प जागेंत एकवटलेलें आहे. शिवाय गुरुत्वाकर्षण काय किंवा विद्युदाकर्षण काय, दोन्हीं अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत घटतात.

परंतु साधर्म्य येथें संपतें. विद्युद्भारित कण वर्तुळांत फिरूं लागला कीं तो ऊर्जा बाहेर टाकतो, असें जुनें विद्युच्छास्त्र सांगतें. तेव्हां इलेक्ट्रॉन ग्रहाप्रमाणें फिरता, तर निमिषाच्याही अल्पांशांत केंद्रकावर कोसळता. १९१३ सालीं बोरनें ठराविक कक्षांपुरता हा नियम बाजूस ठेवला व हायड्रोजनच्या वर्णपटाचा हिशेब जुळविला. १९२६ सालीं श्रोडिंगरचें समीकरण आलें आणि पुढें कक्षेची कल्पनाच मागें पडली. इलेक्ट्रॉन अमुक ठिकाणीं सांपडण्याचा संभव किती, एवढेंच सांगतां येऊं लागलें. ग्रहांचें पंचांग मांडतां येतें. इलेक्ट्रॉनाचें येत नाहीं.

पाठ्यपुस्तकांविषयीं आमची तक्रार ही कीं, तीं पहिल्या पानानंतर ‘सारखा’ हा शब्द गाळतात. उपमेचें रूपक होतें, आणि रूपकाची पुढें व्याख्या बनते! आम्हीही अनेक वर्षें असेंच शिकविलें. एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, हायड्रोजनच्या रेणूंत दोन अणु दोन इलेक्ट्रॉन वांटून घेतात म्हणतां, मग दोन सूर्यांनीं दोन ग्रह वांटून घ्यावयाचे कसे?” आम्हीं त्यास परीक्षेपुरतें पाठ करावयास सांगितलें. तो गप्प बसला. त्याचा प्रश्न बिनतोड होता, हें आम्हांस त्या क्षणींही ठाऊक होतें. रसायनशास्त्राचा खरा आरंभ अणु अणूशीं कसा जोडला जातो येथून होतो, आणि नेमकी तेथेंच ही उपमा लंगडी पडते. तेथून समज सुटते व घोकंपट्टी सुरू होते.

म्हणून उपमा टाकून द्यावी, असें आमचें म्हणणें नाहीं. लेखकानें आधीं प्रयोग सांगावा, मग उपमा द्यावी, आणि हें साम्य कोठपर्यंत चालतें तें त्याच पानावर स्पष्ट लिहावें. एवढ्या एका वाक्यानें त्या विद्यार्थ्यास उत्तर मिळालें असतें. निदान त्याचा प्रश्न तरी जिवंत राहिला असता.